देवमासा पाहून आल्यानंतरची आगोट

वैशाख लागला की आमच्या धसईच्या बाजूला दोन वास एकमेकांत मिसळतात. एक राबाचा. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, वाळलं गवत पसरून ते पेटवतात. आच बेताची ठेवतात, त्यामुळे धूर वर जात नाही, बांधाबांधाने सरपटत येऊन घरात शिरतो. दुसरा वास माझ्या मालाचा. सुके बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे, खारा बांगडा. पावसाच्या महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि लावणीच्या चिखलात बाजार करायला कोणाला सवड नसते. म्हणून लोक उन्हातच मडकी आणि डबे भरून ठेवतात. त्या भरण्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. माझं सगळं वर्ष त्या एका हंगामावर उभं असतं.

यंदाही आगोट आली. राब पेटले, करवंदं काळी पडली, जांभळाखालची जमीन डागाळली. मी बाजारात पाट्या उतरवल्या, गोणपाट अंथरलं, माशा वारायला निरगुडीची डहाळी घेतली. समोर पाहिलं. समोर वत्सला नव्हती.

वत्सला माझी धाकटी जाऊ. मागच्या वैशाखात, ह्याच दिवसांत, आम्ही दोघी श्रीलंकेत होतो. त्रिंकोमालीच्या बंदराबाहेर एका लहानशा होडीत बसून देवमासा वर यायची वाट पाहत होतो. ती पुढच्या फळीवर, मी मागच्या. आमचं बोलणं तेव्हा कित्येक वर्षं बंद होतं. ह्या माघात ती गेली.

मला तिचा राग आहे. माणूस गेल्यावर राग सोडून द्यावा असं सगळेच सांगतात, विहारात भन्तेजींनीही सांगितलं. मी मान हलवली. पण राग म्हणजे काही पाटी नव्हे, कोणीतरी हात दिला की डोक्यावरून उतरवून ठेवायला.

माझा नवरा वाशिंदला कारखान्यात होता. तो अचानक गेला तेव्हा घरात दीर दामू, त्याची नवी नवरी वत्सला, आणि मी. भाताचं शेत होतं, पण तेवढ्यावर घर चालणारं नव्हतं. मी वसईकडच्या किनाऱ्यावर जाऊन सुक्या मासळीची पहिली पाटी आणली. गावातल्या बायका म्हणाल्या, हिला काय जमतंय. दुसऱ्या खेपेला वत्सला सोबत आली. पाट्या उचलायला म्हणून आली आणि धंद्याचं अर्धं अंग झाली.

किनाऱ्यावरच्या कोळणींशी भाव करणं सोपं नाही. त्या माझ्याहून तयार. माझ्या आवाजाला भीक घालत नसत.

"घ्यायचं तर घे, नायतर वाट धर," एक म्हणायची.

"तुझ्या बोंबलापेक्षा आमच्या कुंपनाच्या काटक्या बऱ्या. त्यांना तरी वाळू लागलेली नसते," मी म्हणायची आणि पदर खोचून उठायची.

मी चालू लागले की वत्सला तिथेच बसून राहायची. उकिडवी, गालाला हात लावून. हळूच म्हणायची, "जाऊ दे गो मावशी. ती डोक्यानी गरमच हाय. मलाच घरात कसं ठेवते ते मला म्हायती. तू तुझा शेवटचा भाव सांग, मी बोलावते तिला." कोळणीला माझा राग यायचा आणि वत्सलाची कीव. त्या दोन्हींच्या मधे भाव खाली यायचा.

मग ती मला हाक मारायची. थोरल्या जावेला ती बाय म्हणायची. "बाय, ये गो!" ह्या हाकेचा आमचा नियम होता. पहिल्या हाकेला वळायचं नाही, चालत राहायचं. दुसऱ्या हाकेला थांबायचं, पाठ तशीच ठेवून. तिसऱ्या हाकेला तोंड वाकडं करत परत यायचं. पहिल्याच हाकेला वळलं तर समोरच्याला कळतं की ह्या बाईला माल हवाय. हा डाव आम्ही बसून ठरवलेला नव्हता. पहिल्यांदा मी खरीच रागावून उठले होते आणि ती खरीच घाबरून हाका मारत होती. परत येताना टेम्पोत, पाट्यांवर बसून, आम्हाला कळलं की माल स्वस्तात पडलाय. वत्सला इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाय, तू अशीच तापत जा," म्हणाली.

त्या वर्षांतल्या आगोटी मला एकाच आगोटीसारख्या आठवतात. अंगणभर पसरलेला जवळा, त्याचा गुलाबी रंग, त्यात तिचे उन्हाने काळे पडलेले हात. ती बोंबील निवडायची तेव्हा जुडीतले सगळे एका लांबीचे, सगळ्यांची तोंडं एकीकडे. मी म्हणायची, अगं गिऱ्हाईक काय त्यांची शाळा भरवणार हाय? ती म्हणायची, बघायला बरं वाटतं. शेणव्यापासून टोकावड्यापर्यंतच्या बायका आमची मासळी न्यायच्या. भाव मी सांगायची, घरचं सुखदुःख ती विचारायची.

मग बाजारात सिमेंटचे ओटे बांधले. घरटी एक. उन्हातान्हात मातीत बसलेल्या आम्हा बायकांना ओटा म्हणजे केवढी गोष्ट! दामू पंचायतीत गेला आणि ओट्याला वत्सलाचं नाव लावून आला.

मला कळलं ते रात्री जेवताना. वाकट्यांचं कालवण होतं. मी विचारलं, "धंदा उभा कोनी केला?"

"घरचाच हाय ना वयनी?" दामू म्हणाला. "नाव कोनाचं बी असलं तरी बसनार तुमी दोघी."

"मग माझं का नाय लावलं?"

त्याने पुढची भाकरी मोडली. मी वत्सलाकडे पाहिलं. ती चुलीपुढे बसून कालवण ढवळत होती. ढवळायची काही गरज नव्हती. एक शब्द बोलली नाही. मी ताटावरून उठले. अंगणातून बाहेर पडताना चाल मुद्दाम धीमी ठेवली. फणसापाशी आले, कुंपणापाशी आले, रस्त्यावर आले. मागून कोणीही हाक मारली नाही. कुत्रं तेवढं कुंपणापर्यंत आलं.

गावातच माझ्या नवऱ्याने घेतलेली एक खोली होती. तिथे मी राहिले. पुढच्या बाजारापासून मी तिच्या ओट्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, मातीत गोणपाट टाकून बसू लागले. मुद्दाम समोर. तिने रोज मला बघावं म्हणून.

एकमेकींशी बोलायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही, अशी ती वर्षं गेली. मी गिऱ्हाइकाला म्हणायची, "त्या समोरच्या बाईला जाऊन सांग, जवळ्यात वाळू हाय." गिऱ्हाईक बापडी रस्ता ओलांडून जायची आणि परत यायची. "ती म्हनते, वाळू हाय तर चाळनी समोरच्या बाईकडं ऱ्हायलीय माझी, ती धाडून दे." चाळणी खरंच माझ्याकडे होती. मी दिली नाही. बाजार हसायचा. आम्ही दोघी हसत नव्हतो. निदान मी तरी नाही. ती पदराआड काय करायची, मला माहीत नाही.

श्रीलंकेच्या धम्मसहलीला आमच्या विहारातून मंडळी निघाली तेव्हा मी नाव दिलं. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघावा, आयुष्यात एकदा तरी विमानात बसावं, एवढंच मनात होतं. विमानतळावर पोचले तर पांढरी साडी नेसून, पिशवी पोटाशी धरून वत्सला उभी. सहल जमवणाऱ्या गुरुजींवर मी तिथेच तापले. गुरुजी म्हणाले, "धम्माच्या वाटेवर सगळ्यांना जागा हाय बाई. विमान पुष्कळ लांब हाय, तू शेपटाकडं बस." शेणव्याची सुमन अंगणवाडीत काम करते, तिला माझ्या शेजारी बसवलं. पुढचे सगळे दिवस बिचारीला आमचे निरोप वाहावे लागले. "तुमी दोघी एक पोस्टमन ठेवा गो," म्हणायची. "माझे पाय दुखले."

अनुराधपूरला आम्ही सगळ्यांनी त्या जुन्या झाडाखाली त्रिशरण म्हटलं. वत्सलाचा आवाज मला गर्दीतून वेगळा ऐकू आला. पातळ, जरा थांबत थांबत. पायऱ्या चढताना ती सगळ्यांच्या मागे राहिलेली मी पाहिली. मला वाटलं, माझ्यासोबत चढायला नको म्हणून मागे राहते.

तिथून पूर्वेला त्रिंकोमाली. आमचा वाटाड्या निमल तिथलाच. मोडकं हिंदी बोलायचा, आमच्यासारखंच. त्याने एका उंच कड्यावर नेऊन खालचं बंदर दाखवलं. जमिनीने दोन्ही हात पसरून समुद्र कुशीत घेतलाय असं ते बंदर. आत पाणी शांत, गडद. कड्याखालून लाटांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

निमल सांगत होता, ह्या पाण्यासाठी जगभरचे लोक इथे येऊन भांडले. पोर्तुगीज आले, त्यांनी ह्याच कड्यावरचं देऊळ पाडून त्याच्या दगडांनी किल्ला बांधला. मग डच, फ्रेंच, मग इंग्रज. महायुद्धात जपानी विमानांनी बंदरावर बॉम्ब टाकले. आणि शेवटी त्यांचं आपसातलं युद्ध, भावाभावांतलं, ते संपता संपेना. पाणी किनाऱ्यालगतच एवढं खोल की मोठ्यातलं मोठं जहाज आत येतं. त्या खोलपणासाठीच सगळं झालं.

"एवढ्याशा जागेपायी!" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी हळहळून माझ्याकडे पाहिलं. मग वत्सलाकडे.

मला त्यांचा रोख कळला. मी म्हटलं, "गुरुजी, जागा चांगली असली की मानूस भांडनारच. वाईट जागेसाठी कोन भांडतो?"

सुमन मोठ्याने हसली. पलीकडे वत्सला किल्ल्याच्या भिंतीला टेकून बसली होती. तिने सुमनला हाक मारून विचारलं, "काय म्हनते गो?" सुमनने सांगितलं. वत्सला म्हणाली, "बरोबर हाय तिचं." मला ते ऐकू आलं. इतक्या वर्षांत माझं काही बरोबर आहे असं ती पहिल्यांदा म्हणाली. माझं काय बरोबर, ते मात्र तिने सांगितलं नाही.

निमलचा बाप मच्छीमार होता. युद्धाच्या काळात खोल पाण्यात जायला बंदी होती. किनाऱ्यावर उभं राहून तो लांबवर उडणारे फवारे बघायचा. देवमासे तेव्हाही येत होते, म्हणाला. त्यांना तेवढी परवानगी लागत नव्हती. युद्ध थांबलं, मग लोक होडीत बसून त्यांना बघायला जाऊ लागले. त्याआधी शेकडो वर्षं जे किल्ल्यावर उभे राहून समुद्र राखत होते ते दुसऱ्याचं जहाज शोधत होते. मी त्या कड्यावर उभी राहून पुष्कळ वेळ पाणी पाहत राहिले. मला काही दिसलं नाही. मीही कदाचित दुसरंच काही शोधत असेन.

सकाळी होडीत बसलो. किनारा अजून दिसत होता तोवरच निमलने इंजिन बंद केलं. ह्याच्या खाली दरी आहे, म्हणाला. समुद्राच्या तळाला, कड्यासारखी. माळशेजच्या घाटात धुकं असतं तेव्हा रस्त्याच्या कडेला कसं वाटतं, तसं मला त्या फळीवर बसून वाटलं. पायाखाली किती खोल आहे ते दिसत नाही, पण पायांना कळतं.

आधी आवाज आला. कोणीतरी मोठा माणूस दमून बसताना सोडतो तसा. मग पाण्याचा उंच फवारा. मग पाठ. ती पाठ यायला लागली ती संपेचना. निळी, राखाडी, ओल्या काळ्या दगडासारखी चमकणारी, जात राहिली, जात राहिली. होडीतल्या एका म्हातारीने हात जोडले आणि गुरुजींकडे पाहून पटकन सोडले. गुरुजी म्हणाले, "जोड गो, जोड. देवाला नाय, माशालाच जोडतेस."

वाऱ्यावरून त्याच्या श्वासाचा वास आला. मी ओळखला. माझ्या पुढ्यातून तो वास आयुष्यभर हललेला नाही. जवळ्याचा वास होता तो, दमट गोणीतल्या जवळ्याचा. निमल म्हणाला, बरोबर, हा एवढा मोठा जीव, पण खातो बारीक कोळंबीसारखं काहीतरी, तोंड उघडून ढीगच्या ढीग गिळतो.

पुढच्या फळीवरून वत्सला म्हणाली, "सुमन, त्या मागच्या बाईला इचार, ह्या देवमाशाला आगोटीला किती पायल्या जवळा लागंल?"

मी म्हटलं, "सांग तिला, पयल्यांदा वाळू चाळून दे म्हनावं. चाळनी माझ्याकडं हाय."

सगळी होडी हसली. वत्सलाचे खांदे हलताना मला मागून दिसले. तिने तोंड वळवलं नाही. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती पाठ बारीक झाली होती. ब्लाउज खांद्यावर सैल पडला होता.

मग देवमासा खाली गेला. जाताना शेपूट वर आलं, त्यावरून पाणी ओघळलं, आणि समुद्र मिटला. निमल म्हणाला, आता थांबायचं. पाठलाग केला तर तो दूर जातो. श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं, पण कुठे येईल ते तो ठरवतो. आम्ही थांबलो. होडी डुलत होती. वत्सला काठावर वाकून ओकली. सुमन तिच्या कपाळाला धरायला सरकली. मीही उठले होते. होडी कलंडते म्हणून नावाडी माझ्यावर ओरडला आणि मी खाली बसले. तेवढ्यात लांब, कोणी बघत नव्हतं त्या बाजूला, तो वर आला. आमच्यातल्या निम्म्यांना दिसलाच नाही.

दुपारी किनाऱ्यावर आलो तर माडाच्या सावलीपलीकडे वाळूवर चटया अंथरलेल्या आणि त्यांवर मासळी वाळत घातलेली. तिकडे सुक्या मासळीला करुवाडू म्हणतात. नाव वेगळं, वास तोच. मांदेलीच्या भावंडांसारखी बारीक चंदेरी मासळी. एक बाई राखत बसली होती. काळी, उंच, नाकात दोन चमक्या, तोंडात पान. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी बसले, मूठभर मासळी हातात घेतली, मोडून पाहिली, हुंगली. ती बघत होती. तिला कळलं की ही नुसती बघायला आलेली नाही.

भाषा लागली नाही. ती भावाची बोटं दाखवायची, मी डोकं हलवायची. ती मासळी उन्हात धरून चमक दाखवायची, मी खालच्या चटईवरचा ओला भाग उलटून दाखवायची. मागून गुरुजी ओरडत होते, "बाई, इमानात वास सुटंल, सगळ्यांना उतरवतील!" मला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. वत्सला केव्हा येऊन बाजूला बसली ते मला कळलं नाही. उकिडवी, गालाला हात लावून.

बाई बोटांवरून हटेना. मी हातातली मासळी चटईवर टाकली, पदर खोचला आणि उठले. पाण्याकडे चालू लागले.

"बाय, ये गो!"

मी चालत राहिले. पायाखाली ओली वाळू आली.

"बाय..."

मी थांबले. पाठ तशीच. पहिली लाट घोट्यावरून गेली, पायाखालची वाळू ओढून नेली, दुसरी आली. मी उभी होते. समोर सगळा समुद्र सरळ, रिकामा. आता येईल, आता येईल, म्हणून माझा सगळा जीव पाठीत गोळा झाला होता. ती हाक धंद्याची होती की घरची, ते मला तिसऱ्या हाकेत कळलं असतं. आवाजावरून कळतं.

तिसरी हाक आली नाही.

मी वळले तेव्हा वत्सला त्या बाईशेजारी वाळूत बसली होती, तिने दिलेल्या बाटलीतून पाणी पीत. मांडीवर मासळीचं पुडकं. म्हणजे सौदा झाला होता. माझी गरज संपली होती. मी तिच्या बाजूने सरळ निघून गेले आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या प्रवासात मी सुमनलाही निरोप दिला नाही.

पाऊस आला, लावण्या झाल्या. दसरा, दिवाळी गेली. भात झोडून झालं. बाजाराच्या दिवशी ती समोर बसायची, मी समोर बसायची. थंडीत तिने दरवर्षीसारखे आगोटीचे बोंबील घेऊन ठेवले असं ऐकलं. माघात एका सकाळी दामू माझ्या दारात उभा राहिला. मला कळलं.

तिच्या दिवसकार्याला, जलदानाच्या दिवशी, मंडपात मी बायकांमध्ये बसले होते. वंदना संपली, लोक जेवायला उठले. दामू माझ्यापाशी येऊन बसला.

"तिकडं समुद्रावर तुला हाक मारली म्हनत व्हती," तो म्हणाला. "दोन हाकांतच दम तुटला तिचा. धाप लागायची तिला, वरीस झालं असंल. मला बी सांगितलं नाय, सहलीला जाऊ देनार नाय म्हनून. घरी आल्यावर बोलली."

तो जरा जवळ सरकला.

"म्हनली, बाय थांबली. वळली नाय, पन थांबली. म्हंजी तिला यायचं हाय. या आगोटीला मी जाऊन घेऊन येते तिला, म्हनली."

"मग आली का नाय?" मी ओरडले. "समोरच बसत व्हती ना? रस्त्याच्या पल्याड! एवढा पावसाळा गेला, दिवाळी गेली, आगोटीची वाट कशाला बघायची? दोनच मारल्या! दोन हाकांना कोन येतं?"

कोणाला काही कळलं नाही. बायकांनी मला धरून बसवलं, पाणी दिलं. दुःखाने बडबडते आहे असं त्यांना वाटलं. दामू खाली मान घालून म्हणाला, "तुमा दोघींचं मला कदीच कळलं नाय."

मला आजही तिचंच चुकलं असं वाटतं. दम नव्हता तर सांगायचं. सुमन होती, निरोप पाठवायचा. माणसाने इतकं गप्प राहू नये.

परवाच्या बाजारात दामू तिचा माल घेऊन ओट्यावर बसला. थंडीत घेतलेले बोंबील घरात पडून होते, ते विकायला. नांगर धरणारा माणूस, त्याला काय कळतं? एका बाईने विचारलं, "कसे दिले?" हा म्हणतो, "तुमीच सांगा." मी इकडून बघत होते. बायकांना वास लागला. ओट्याभोवती गर्दी झाली. एक जुडी घ्यायची, वर आणखी मूठ उचलायची, आणि हा नुसता हात जोडल्यासारखा बसलेला.

मी रस्ता ओलांडला. "ठेव ती मूठ खाली!" म्हटलं. "ती गेली म्हनून लुटायला आलात काय गो सगळ्या?"

"वयनी, बस तूच. माझ्याच्यानं व्हत नाय," दामू म्हणाला आणि उठून उभा राहिला.

मी ओट्यावर बसले. पाटीवरचं कापड पुरतं काढलं. आत जुड्या, सगळे बोंबील एका लांबीचे, तोंडं एकीकडे. मी भाव सांगितला. कोणी घासाघीस केली नाही, माझ्या तोंडाकडे बघून करायची कोणाला हिंमत झाली नसावी. जुडी उचलायची, कागदात बांधायची, द्यायची. उचलताना तिची गाठ हाताला लागायची, सुंभाची, दोन वेढ्यांची. माल म्हणजे माल. तो विकण्यासाठीच असतो. मी शेवटच्या जुडीपर्यंत विकला, स्वतःसाठी एकही ठेवली नाही.

पाटी रिकामी झाली तेव्हा दामू म्हणाला, "वयनी, ओटा आता तूच घे. तुझं नाव लावून घेतो. खरं म्हंजी तवाच..."

"ऱ्हाऊ दे हाय तसं," मी म्हटलं. पाटी झटकून त्याच्या हातात दिली, खाली उतरले आणि माझ्या गोणपाटावर जाऊन बसले.

दामू पाटी घेऊन घरी गेला, दुपार झाली. राबाचा धूर बाजारापर्यंत आला होता. माळशेजकडून आलेली एक कांदेवाली डोक्यावरची गोण सांभाळत जागा शोधत फिरत होती. मोकळा ओटा दिसला म्हणून तिने गोण तिथे टेकवली.

"तिथं नको," मी इकडून ओरडले.

"का? कोनाची जागा हाय?"

इतकी वर्षं बाजारात मी माझ्या जावेला ‘ती समोरची बाई’ ह्याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"वत्सलाची," मी म्हटलं.